माशातलं तेल राहू द्या, तव्यातलं काढा

ठाण्यापासून कल्याणपर्यंत वजन कमी करायला निघालेल्या प्रत्येक घरात एक कागद असतो. डाएटचा. १५०० कॅलरीचा, नाहीतर १२०० चा. आमच्या डोंबिवलीच्या घरातही फ्रिजवर चुंबकाखाली एक लटकला होता, आमच्या ह्यांच्या नावाचा. त्यात एकाखाली एक दोन ओळी होत्या: 'तेलकट टाळा' आणि 'आठवड्यातून दोनदा ग्रिल्ड सामन'. पहिली ओळ वाचून ह्यांनी बांगडा सोडला. दुसरी वाचून मी मॉलमध्ये सामनचा भाव विचारून आले आणि कागद उलटा करून लावला.

कुणी 'मग रावस खा, तोच आपला सामन' म्हणालं तर ऐकू नका. हॉटेलच्या मेनूवर रावसाला 'इंडियन सामन' म्हणतात, पण त्या दोघांचं कूळ वेगळं. रावस चवीला उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण सामनमध्ये जे शोधायचं, ते बांगड्यात आणि तारलीत आहे, आणि तेही परवडेल अशा भावात.

तेलकट मासा म्हणजे तळलेला मासा नव्हे. ज्याच्या अंगातच तेल मुरलेलं असतं तो. बोंबील बहुतेक पाणीच, म्हणून कॅलरी कमी आणि हे तेलही कमी. बांगडा, तारली, पेडवे, पाला हे तेलाचे मासे. त्यांच्या चरबीत ओमेगा-३ असतं, जे आपलं शरीर स्वतः फारच थोडं बनवतं. रक्तातले ट्रायग्लिसराइड आटोक्यात ठेवायला त्याची मदत होते. वजन वाढलेल्या, पोट सुटलेल्या माणसाचे नेमके तेच आकडे बहुधा चढलेले असतात. म्हणजे ज्याला मासा सोडायला लावतात, त्यालाच त्याची जास्त गरज.

किती खायचा? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आठवड्याला निदान १०० ते २०० ग्रॅम मासे खा असं सांगितलं आहे. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आठवड्यातून दोनदा मासे खायला सांगते. त्यातला एकदाचा तेलकट हवा, शिजवून १४० ग्रॅमच्या आसपास. आपल्या भाषेत एक चांगला मोठा बांगडा, किंवा तारलीचा एक वाटा दोघांत. रविवारी मटण असतंच. सोमवार, गुरुवार, शनिवार घरोघरी पाळतात. उरले मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार, त्यांतले दोन माशांना द्या.

आता कॅलरीचं. एकाच बांगड्याला एका तक्त्यात १०० ग्रॅमला नव्वद-पंच्याण्णव कॅलरी सापडतील, दुसऱ्यात दीडशेच्या वर. दोन्ही खोटे नव्हेत. ऋतूप्रमाणे बांगड्याच्या अंगावरची चरबी कमी-जास्त होते. आपण जास्तीचाच आकडा धरू, दीडशे. त्यात १९-२० ग्रॅम प्रथिनं येतात, पोट भरतं आणि दोन तासांनी फरसाणाच्या डब्याकडे हात जात नाही.

मग गाडं अडतं कुठं? एका बुधवारी मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तेल मोजलं. तीन बांगडे रव्यात घोळवून तव्यावर तळायला ४५ ग्रॅम तेल घातलं. तळून झाल्यावर तवा निथळून मोजलं, तर १५ ग्रॅम. तीस ग्रॅम गेलं कुठं, तर रव्याने प्यायलं. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी. म्हणजे एका बांगड्यामागे ९० कॅलरी तेलाच्या आणि वर रव्याच्या तीसेक. दीडशेचा मासा पावणेतीनशेच्या घरात गेला, आणि त्या वरच्या सव्वाशेत ओमेगा-३ चं नाव नाही. ह्यांना आकडा दाखवला. म्हणाले, "मग तू रवा मोज, मासा कशाला मोजतेस?" लाख बोलले.

तेव्हा रवा सोडा. बांगड्याला दोन्ही बाजूंनी चिरे पाडा, मीठ, हळद, तिखट, लसूण आणि कोकमाचं आगळ चोळून अर्धा तास ठेवा. तवा चांगला तापला की चमचाभर तेल पसरा, बांगडा ठेवा आणि हलवू नका. आच मध्यम, वर झाकण. चार-पाच मिनिटांत कातडी आपोआप सुटते. आधी उलटायला गेलात तर ती तव्यालाच राहील. आणि ती कातडी खायची असते, तिच्याखालीच चरबीचा थर असतो. ताटाच्या कडेला सोलून ठेवणाऱ्यांनी मग बांगडा घेतला कशाला?

कालवणात गोम असते ती खोबऱ्याची. पाऊण वाटी ओलं खोबरं वाटलं की दोनशेच्या आसपास कॅलरी आल्या. आपल्या शेजारच्या आगरी-कोळी घरांतलं कालवण बघा. लसूण, घरचा मसाला, चिंच किंवा कैरी. दाटपणा हवा तर चमचाभर तांदळाचं पीठ. पुष्कळ घरांत त्यात नारळ नसतोच, आणि भाकरीबरोबर त्याची आठवणही येत नाही. मालवणकडच्यांनी तिखलं करावं, तिरफळ घालून, अंगापुरत्या रश्शाचं. सोलकढी मात्र या हिशोबात फसवते. नारळाच्या दुधाचे दोन पेले पचनासाठी म्हणून रिचवले, तर मासा हलका खाल्ल्याचा फायदा तिथेच गेला. नुसतं कोकमाचं सार करा.

आणि मासा ताटात वरून टाकू नका, कशाच्या तरी जागी घ्या. तव्यावरचा बांगडा, एक तांदळाची भाकरी, काकडीची कोशिंबीर, रस्सा: चारशे-साडेचारशे कॅलरीत रात्रीचं जेवण झालं. वर भात हवाच असेल तर अर्धी भाकरी कमी.

एक गोष्ट मात्र कॅलरीपेक्षा महत्त्वाची. भाऊच्या धक्क्यावरून आपल्याकडे येईपर्यंत मासळीचा बराच प्रवास झालेला असतो. बांगडा, तारली बर्फाशिवाय राहिली की त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही. खाल्ल्यावर तोंड चुरचुरतं, चेहरा लाल होतो, आणि आपण ॲलर्जी समजून बसतो. म्हणून संध्याकाळी लोकलमधून उतरून स्टेशनबाहेरच्या उघड्या पाटीवरचा बांगडा उचलू नका. सकाळी घ्या, बर्फात गाडलेला घ्या, कल्ले उचलून लाल आहेत का बघा. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत वेळेवर गोठवलेला चालेल. खारा बांगडा नको, रक्तदाबवाल्यांनी तर मुळीच नको.

युरिक ॲसिड वाढलेलं असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. पोटुशी बाईने मोरी आणि मोठी सुरमई टाळावी, मोठ्या माशांत पारा साठतो. छोट्या तारलीत ती भीती कमी. श्रावण पाळणाऱ्यांनी जवसाची चटणी खावी. त्यातलं ओमेगा-३ शरीराला थोडंच वापरता येतं, पण महिनाभर काहीच नसण्यापेक्षा बरं.

तारलीला आपल्याकडे मान नाही. मी वाटा मागितला की मासळीवाली मावशी म्हणते, "तारली कोन न्हेतं ताई, पापलेट घ्या." शिवाय ती साफ करून मिळत नाही, एवढ्याशा माशाला वेळ कोण देणार! घरीच करा. वाहत्या पाण्याखाली अंगठ्याने खवलं उलटी घासा, कात्रीने डोकं आणि पोटाची कड कापा, आतलं बोटाने ओढा. वीस तारल्या पंधरा मिनिटांत होतात. कचरा लगेच बाहेर टाका, नाहीतर शेजारचे बेल वाजवतात.