व्यसनमुक्तीचा पत्ता दारूच्या दुकानावरच लावा




एसटी स्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, इतकेच काय पण काही वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींतही 'दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत' हा मजकूर वर्षानुवर्षे दिसतो. खाली मोबाइल नंबर असतो. सरकारी रुग्णालयात व्यसनावर उपचार मिळतात, हे सांगणारी पाटी मात्र त्याच स्टँडवर शोधूनही सापडत नाही. ही पाटी लावणे सरकारचे काम आहे आणि ती जिथे दारू विकली जाते तिथेच लागली पाहिजे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

दिल्लीच्या 'एम्स'ने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कसला तरी उपचार मिळाला, आणि दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एकच, असे त्यात नोंदवले आहे. बाकीच्यांविषयी आपण सहज म्हणून टाकतो, 'त्याचीच इच्छा नाही.' ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केलेल्या मला हे पटत नाही. इच्छा असलेली माणसे आणि त्यांच्या घरच्या बायका मी भरपूर पाहिल्या आहेत. जायचे कुठे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

एका बाईंनी डोरले गहाण टाकून नवऱ्याला एका खासगी केंद्रात ठेवले होते. पैसे आगाऊ घेतले गेले. महिनाभर भेटू दिले नाही. डॉक्टर किती वेळा आले, कोणती औषधे दिली, याचा एकही कागद हातात मिळाला नाही. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत त्याची दारू पुन्हा सुरू झाली. या बाई रोज जिल्हा रुग्णालयाच्या फाटकासमोर भाजी विकायच्या. त्याच फाटकाच्या आत मानसोपचार विभाग आहे आणि केसपेपर काढून तिथे दारूच्या व्यसनावरही उपचार मिळतात, हे त्यांना आमच्याकडे आल्यावर कळले. सावकाराचे व्याज तोवर चालूच होते.

उपचार आहेत, आणि ते गरिबाच्या आवाक्यातले आहेत. जिल्हा रुग्णालये आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांच्या मानसोपचार विभागात जाता येते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्य सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. केंद्राच्या अनुदानावर संस्थांनी चालवलेली व्यसनमुक्ती केंद्रे आहेत. पुण्याचे 'मुक्तांगण' १९८६ पासून काम करते आहे. गडचिरोलीत 'मुक्तिपथ' गावपातळीपर्यंत पोचले आहे. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या सभांना प्रवेश फी नाही, वर्गणीची सक्ती नाही. घरच्यांसाठी 'अल-अ‍ॅनॉन'चे गट आहेत. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची निःशुल्क हेल्पलाइन आहे आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ वर 'टेली-मानस' आहे. हे दोन आकडे किती घरांत ठाऊक आहेत?

कायदाही गरिबाच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारांत धरले आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाकडे कार्ड असो वा नसो, सरकारी किंवा सरकारी अनुदानावरील केंद्रात त्याला मोफत उपचाराचा हक्क दिला आहे. हक्क असूनही माहीत नसेल, तर तो कागदावरच राहतो.

माहिती नसण्याची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते. रोज भरपूर पिणाऱ्याला घरच्यांनी खोलीत कोंडून दारू एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झोप उडते, फिट येऊ शकते. काहींना भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात. मग 'बाहेरचे आहे' म्हणून मांत्रिकाला बोलावतात. खरे तर ही दवाखान्यात नेण्याची वेळ असते. वेळेवर नेले तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन हा त्रास आटोक्यात आणता येतो. नकळत द्यायच्या पुडीत काय असते, हे तर कोणीच सांगत नाही. दारू नकोशी करणारे डायसल्फिराम हे औषध डॉक्टर रुग्णाला नीट समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. कारण ते पोटात असताना दारू प्यायली तर जीव धोक्यात येऊ शकतो. भाजीत गुपचूप पूड कालवणाऱ्या बिचाऱ्या पत्नीला याची कल्पना कोण देणार?

'सरकारी खाटा आधीच कमी, पाट्या लावून गर्दीच वाढेल,' असा आक्षेप मी अधिकाऱ्यांकडून ऐकला आहे. खाटा कमी आहेत, हे खरेच आहे. पण प्रत्येकाला दाखल व्हावे लागत नाही. पुष्कळांचे उपचार बाह्यरुग्ण विभागात, घरच्यांच्या सोबतीने आणि नियमित फेऱ्यांनी होतात. आणि गर्दी वाढली, तर खाटा आणि डॉक्टर वाढवण्याची मागणी कोणाला नाकारता येणार नाही. 'फुकटच्या उपचाराची किंमत राहत नाही,' असेही म्हणतात. क्षयाच्या मोफत गोळ्यांबद्दल असे कोणी बोलत नाही. मग व्यसनी माणसालाच हा न्याय का?

दारूवरील करातून राज्याच्या तिजोरीत दरवर्षी वीस हजार कोटींहून अधिक रुपये येतात. प्रत्येक दुकान, बार आणि देशी दारूचा गुत्ता परवान्यावर चालतो. तेव्हा परवान्यातच अट घाला: दर्शनी भागावर मोठ्या मराठी अक्षरांत १४४४६ हा क्रमांक, जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचे वार आणि वेळ. हीच पाटी ग्रामपंचायत, रेशन दुकान आणि एसटी स्टँडवर लावा. तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्याचा एक ठरलेला वार व्यसनमुक्तीसाठी राखा, म्हणजे मजुरी बुडवून जिल्ह्याला खेटे घालावे लागणार नाहीत. नोंदणी असलेल्या खासगी केंद्रांची यादी त्यांच्या शुल्कासह तहसील कचेरीत लावा, म्हणजे आगाऊ पैसे भरण्याआधी चौकशी तरी करता येईल. यातल्या पाट्यांना आणि यादीला नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही.

संपादक महोदय, आपणही दोन गोष्टी कराव्यात. 'नकळत दारू सोडवा'च्या जाहिराती घेणे बंद करावे, आणि जिल्ह्यातील मोफत व अल्प खर्चाच्या उपचारकेंद्रांची यादी दर महिन्याला छापावी. वाचकांना विनंती, की ती यादी कापून शेजारच्या घरी द्यावी. ज्या घरात गरज असते, ते घर लाजेपोटी स्वतःहून विचारायला येत नाही.

– एक निवृत्त परिचारिका
(नाव छापू नये, ही विनंती)