राखणदार बांधाबाहेरचा हवा

'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' गेल्या दहा वर्षांत शेतकऱ्याने सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य कोणते, तर हे. पूर्वी तलाठी भाऊसाहेब सापडत नसत. आता भाऊसाहेब सापडतात, सर्व्हर सापडत नाही. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते, तेव्हा केंद्रांपुढे रांगा लागल्या. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आली. २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा आला. ३१ जुलै ही शेवटची तारीख, आणि शेवटच्या दिवसांत संकेतस्थळ रखडले म्हणून ओरड झाली, मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. मुदत वाढली त्या वर्षी ठीक. ज्या वर्षी वाढणार नाही त्या वर्षी कर्जतच्या उडीद-तुरीवाल्याने कोणाला सांगायचे, की मी दिवसभर केंद्रावर होतो, पान उघडत नव्हते? त्याच्याजवळ कागद काय?

सरकारला दोष देऊन हा विषय संपत नाही. सर्व्हर आता आपल्याही दारात येऊन बसला आहे. देशातल्या ६३ हजार विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला केंद्राने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली. दूध संकलनाची फॅट आणि लिटरची नोंद संगणकावर होते, उत्पादक कंपनीचे वजन आणि पट्टी संगणकावर होते. उद्या राशीन किंवा मिरजगावच्या सभासदाला 'सर्व्हर डाऊन आहे' असे सांगणारा माणूस आपलाच असेल. म्हणून आपला सर्व्हर बंद पडला हे आपल्याला सभासदाच्या आधी कळते का, हा प्रश्न आज विचारायला हवा.

यासाठी बाहेरून राखण करणाऱ्या सेवा मिळतात. दर मिनिटाला किंवा पाच मिनिटांनी त्या दुसऱ्या गावाहून आपले पान उघडून पाहतात, उघडले नाही तर ठरवलेल्या मोबाइलवर एसएमएस टाकतात. पिंगडम, अपटाइम रोबोट ही परदेशी नावे. आपल्याकडे चेन्नईच्या झोहोचीही अशी सेवा आहे. पुष्कळ जण म्हणतात, आमच्या संगणकवाल्याने सर्व्हरमध्येच तपासणी बसवून दिली आहे, वेगळे पैसे कशाला? घराला आग लागली तर घरात झोपलेला राखणदार कोणाला हाक मारणार? २८ फेब्रुवारी २०१७ ला अमेरिकेत अ‍ॅमेझॉनची साठवण सेवा काही तास बंद पडली. हजारो संकेतस्थळे ठप्प झाली, आणि सेवा चालू की बंद हे दाखवणारा अ‍ॅमेझॉनचा स्वतःचा फलक मात्र बराच वेळ हिरवाच होता. तो फलक त्याच बंद पडलेल्या सेवेवर उभा होता! जगातल्या सर्वांत मोठ्या दुकानदाराची ही कथा, तर आपल्या सोसायटीच्या खोलीतल्या डब्याची काय?

विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवलेल्या कोणालाही हे समजावे लागत नाही. वीज गेली की निरोप येतो. पण स्टार्टरची बॅटरी संपली, सिमचे पैसे संपले, तर निरोप येत नाही, आणि माणूस समजतो की मोटार चालू आहे. बाहेरच्या राखणदाराचे सिमही असेच गप्प होऊ शकते. म्हणून सेवा निवडताना दर सोमवारी एक चाचणीचा एसएमएस पाठवता येतो का, हे पहिल्यांदा विचारावे. विकणारा रंगीत आलेख दाखवील. आलेख पाहायला आपल्याला वेळ नाही.

दुसरे, राखणदार काय पाहतो? नुसता सर्व्हर जिवंत आहे एवढे पाहणारा राखणदार म्हणजे शेताला कुंपण आहे हे पाहून परत जाणारा जागल्या. आत रानडुकरे असली तरी तो 'ठीक' म्हणेल. पानावर 'आजचा दर' हा शब्द दिसतो का, येथपर्यंत तपासणारी सेवा घ्यावी. आणि तपासणी भारतातून व्हावी. आपली काही सरकारी संकेतस्थळे परदेशातून उघडतच नाहीत. तिथला राखणदार कायम 'बंद, बंद' ओरडत राहील आणि चार दिवसांनी आपण त्याचे ऐकणे सोडून देऊ. एका ठिकाणाहून बंद दिसले तर दुसऱ्या ठिकाणाहून खात्री करून मगच निरोप पाठवणारी सेवा चांगली.

तिसरी गोष्ट एसएमएसची, आणि इथे शहाणेही फसतात. फुकटच्या योजनेत बहुधा निरोप ई-मेलवर किंवा अ‍ॅपवर येतो, एसएमएसला वेगळे पैसे पडतात. ते द्यावेत. शिवारात नेट नसते तेव्हाही साधा एसएमएस साध्या फोनवर पोचतो. पण तो पोचू देण्याचे नियम आहेत. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यापारी संदेश पाठवणाऱ्याला आपले नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो. मार्च २०२१ मध्ये त्याची कडक तपासणी सुरू झाली त्याच दिवशी बँकांचे ओटीपी अडकले आणि तपासणी आठवडाभर थांबवावी लागली. तेव्हा परदेशी सेवेचा निरोप आपल्या फोनवर खरोखर येतो का, किती मिनिटांनी येतो, हे पैसे भरण्याआधी कर्जतमध्ये बसून, वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर पाहून घ्यावे. मजकूर मराठीत हवा असेल तर एका एसएमएसमध्ये ७० अक्षरे मावतात, इंग्रजीत १६०. 'वजनकाटा सर्व्हर बंद, ६.१०' एवढे पुरे.

सेवा देणारा '९९ टक्के चालू' अशी हमी दाखवील. ९९ टक्के म्हणजे महिन्यात सात तासांहून जास्त बंद. ९९.९ म्हटले तरी ४३ मिनिटे. आणि ती कोणती? सरासरीएवढा पाऊस पडूनही पेरणी वाया गेल्याची वर्षे या तालुक्याने पाहिली आहेत. रात्री दोनला बंद पडलेला सर्व्हर आणि ३१ जुलैच्या दुपारी बंद पडलेला सर्व्हर टक्केवारीत सारखेच दिसतात.

म्हणून नोंद महत्त्वाची. कधी बंद, कधी चालू, याची वेळेसह यादी वर्षभर जपून ठेवणारी आणि ती आपल्याला छापून देणारी सेवाच घ्यावी. जिल्ह्याने एकच राखणदार नेमून त्याला विमा आणि नोंदणीच्या सरकारी पानांवरही बसवावे. ती पाने जनतेसाठी उघडी आहेत. पाच मिनिटांतून एकदा उघडून पाहण्याने कोणाचे काही बिघडत नाही. तो फक्त दार पाहील. आत अर्ज अडकतो का, हे केंद्रचालकानेच वहीत वेळ टाकून लिहायला हवे. ती यादी आणि ती वही घेऊन मुदतवाढ मागायला गेलो, तर 'कोणाची तक्रार आली नाही' हे उत्तर कोणाला देता येणार नाही.

आजच्या बैठकीत दोन मोबाइल क्रमांक ठरवावेत. एक संगणक समजणाऱ्याचा. दुसरा, तो लग्नाला गेला असेल तेव्हा फोन उचलणाऱ्याचा. दहा मिनिटांत पहिल्याने काही केले नाही तर निरोप दुसऱ्याकडे जावा, अशी सोय सेवेत आहे का ते विचारावे. अध्यक्षांचा क्रमांक मानाने पहिला घालू नये.