बटण बदला, डायरेक्ट करू नका



गळीत हंगाम आटोपला, गव्हाण थांबली, गाडीवान आणि ऊसतोड टोळ्या आपापल्या गावी परतल्या. आता ऑफ सीझनची कामे निघतील. मिलचे रोलर उतरतील, बॉयलरच्या ट्यूबा तपासल्या जातील, टर्बाइन उघडले जाईल. या कामांवर होणारा खर्च अहवालात छापून येतो, सर्वसाधारण सभेत त्यावर चर्चा होते आणि ते योग्यच आहे. पण एका लहानशा वस्तूचा उल्लेख ना अहवालात येतो, ना सभेत कोणी काढतो. ती वस्तू म्हणजे आपल्या यार्डातील लोडर, डोझर, क्रेन आणि केन अनलोडर यांच्यावर बसणाऱ्या ऑपरेटरच्या हाताखालची बटणे, स्विच आणि दांडे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा बटणावर लेख कसला लिहायचा? म्हणून आधी माझी स्वतःची हकिगत सांगतो.

१९९६ सालची गोष्ट. त्या वेळी मी कारखान्यात नव्हतो. कालव्याच्या खोदाईवर एका ठेकेदाराकडे मेकॅनिक होतो. तिथल्या एका लोडरचा न्यूट्रल स्विच गेला होता. हा स्विच गिअरच्या दांड्यापाशी असतो. गिअर न्यूट्रलला नसेल तर तो स्टार्टरला प्रवाह जाऊ देत नाही, म्हणजे गिअरमध्ये असताना यंत्र सुरूच होत नाही. आमचा स्विच झिजल्यामुळे न्यूट्रलला असतानाही यंत्र सुरू होईना. ठेकेदार डोक्यावर उभा, डंपर खोळंबलेले. नवा स्विच तालुक्याला मिळत नव्हता. मी काय केले? स्विचच्या दोन वायरी काढल्या, एकमेकीला पिळल्या आणि वर टेप गुंडाळली. आमच्या भाषेत ‘डायरेक्ट’ केले. यंत्र झटक्यात सुरू झाले. सगळ्यांनी शाबासकी दिली.

पुढे महिनाभर सगळे सुरळीत होते. रोजच्या ऑपरेटरला ठाऊक होते, तो आधी दांडा बघायचा मगच चावी फिरवायचा. एके दिवशी तो रजेवर गेला आणि बदली ऑपरेटर आला. त्याला कोणी काही सांगितले नव्हते. दांडा रिव्हर्सला राहिला होता, हँडब्रेक नावापुरताच होता. त्याने चावी फिरवली आणि लोडर मागे उसळला. मागच्या चाकापाशी हेल्पर पोरगा ग्रीस मारत बसला होता. जीव वाचला, पण त्याचा पाय गुडघ्याखाली गेला.

चौकशीत ‘ऑपरेटरचा हलगर्जीपणा’ असे लिहिले गेले. त्या दोन वायरींबद्दल मला कोणी विचारले नाही, आणि मीही तोंड उघडले नाही. आज निवृत्त झाल्यावर हे लिहितो आहे, ते मन हलके करण्यासाठी नव्हे. आपल्या यार्डातही डायरेक्ट केलेले स्विच मी नोकरीत असताना पाहिले आहेत, आणि काही वेळा ते करणाऱ्यांत मीही होतो, म्हणून लिहितो आहे.

स्विच झिजतो कसा?

स्विचच्या पोटात दोन पट्ट्या असतात आणि त्यांच्या टोकांना चांदीच्या मिश्रधातूचे ठिपके असतात. पट्ट्या एकमेकींपासून सुटताना बारीक ठिणगी पडते. आपल्या घरातला वीजप्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तिथली ठिणगी लवकर विझते. यंत्रावर मात्र बॅटरीचा १२ किंवा २४ व्होल्टचा प्रवाह एकाच दिशेने वाहत असतो. त्यात पुढे सोलेनॉइडची कॉइल असली तर बंद करताना उलटा झटका बसतो आणि ठिणगी अधिक मोठी होते. अशा हजारो ठिणग्यांनी ठिपके काळे पडतात, खड्डे पडतात. त्यात आपल्याकडे बगॅसची भुकटी, प्रेसमडचा ओलावा, पावसाचे पाणी आणि डिझेलचे हात. बटणावरचे रबर एकदा फाटले की हे सगळे आत जाते.

झिजलेला स्विच एकदम मरत नाही, आधी तो फसवतो. दोनदा दाबावे लागते, दांडा हलवून धरावा लागतो, बटण हाताला गरम लागते. ऑपरेटर म्हणतो, ‘याची जरा खोड आहे.’ बंधूंनो, यंत्राला खोड नसते, बिघाड असतो. साधा मल्टिमीटर घेऊन स्विच चालू असताना, भार वाहत असताना, त्याच्या दोन टोकांवर लावून बघा. चांगल्या स्विचवर काटा जवळजवळ शून्यावर राहतो. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर तो स्विच बदलण्याच्या लायकीचा झाला, असे समजावे.

दांड्यांचेही तसेच आहे. खोदाई यंत्राचा जॉयस्टिक हात सोडताच मध्यावर यायला हवा. आतली स्प्रिंग ढिली पडली किंवा खालचे रबरी बूट फाटून माती गेली, तर दांडा थोडा कलंडलेलाच राहतो आणि ऑपरेटरने हात काढला तरी बूम सरकत राहते. या यंत्रांवर सीटच्या बाजूला एक सुरक्षा दांडा असतो. तो लॉक केला की कंट्रोलचे तेल बंद होते आणि जॉयस्टिकला धक्का लागला तरी यंत्र हलत नाही. या दांड्याचा स्विचही पुष्कळ ठिकाणी डायरेक्ट केलेला आढळतो. मग ऑपरेटर खाली उतरताना त्याच्या सदऱ्याची बाही दांड्याला अडकली की काय होईल, ते सांगायला नको.

सगळीच बटणे सारखी नसतात

हॉर्नचे बटण बिघडले तर हॉर्न वाजत नाही आणि ते लगेच कळते. पण काही स्विच असे असतात की ते डायरेक्ट केल्यावर यंत्र उलट जास्त चांगले चालल्यासारखे वाटते. इमर्जन्सी स्टॉपचेच बघा. त्याची जोडणी अशी असते की एरवी त्यातून प्रवाह वाहत असतो. बटण दाबले किंवा वायर तुटली, तर यंत्र थांबते. म्हणजे बिघाड झाला तरी तो सुरक्षित बाजूला व्हावा, अशी रचना असते. त्या दोन वायरी जोडून टाकल्या की लाल बटण केवळ शोभेचे राहते, आणि जीव वाचवायची वेळ येईपर्यंत ते कोणाला कळत नाही. न्यूट्रल स्विच, रिव्हर्सचा भोंगा, अनलोडरचा वरचा लिमिट स्विच ही सगळी याच जातीची मंडळी. लिमिट स्विच नसेल तर हुक थेट ड्रमपर्यंत जाऊन आदळतो, वायररोप तुटतो, आणि खाली गाडीवान, बैल, ट्रॅक्टर जे कोणी असेल त्याच्यावर उसाची मोळी येते.

‘पण हंगामात थांबायचे कसे?’

हा प्रश्न मला वर्कशॉपमध्ये शंभर वेळा विचारला गेला आहे आणि तो खोटा नाही. यार्डात शेकडो गाड्या उभ्या असतात. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितके त्याचे वजन घटते आणि उतारा कमी होतो. ते नुकसान अखेर तुमचे-आमचेच, सभासदांचेच. रात्री दोन वाजता अनलोडर बंद पडला तर फिटरने स्विचसाठी सकाळपर्यंत वाट बघावी काय?

माझे म्हणणे असे की वाट बघायची वेळच येऊ नये. स्विच स्टोअरमध्ये असेल तर तो बदलायला अर्धा-पाऊण तास पुरतो. तो नसतो म्हणून फिटर डायरेक्ट करतो. आणि का नसतो? चार बोटांएवढ्या स्विचसाठी इंडेंट भरायचे, तीन कोटेशने मागवायची, खरेदी समितीची बैठक होईपर्यंत थांबायचे. तोवर हंगाम निम्मा सरतो. सहकारात पैशाचा हिशेब चोख हवा, यात दुमत नाही. पण लाखाच्या रोलरला आणि हजाराच्या आतल्या लिमिट स्विचला एकच फूटपट्टी लावली, तर कागद चोख राहतो आणि माणूस अधू होतो. दोष केवळ पकड हातात धरणाऱ्या फिटरला देऊन भागणार नाही. त्याला तशी वेळ आणणारी पद्धतही बदलली पाहिजे.

उचल यंत्रे वर्षातून निदान एकदा जाणकार माणसाने कसून तपासली पाहिजेत, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिले होते. पण वर्षाची तपासणी साखळी, हुक आणि वायररोपाची करून लिमिट स्विचकडे पाठ फिरवली, तर ती अर्धीच तपासणी झाली.

माझ्या सूचना

संचालक मंडळापुढे मी नम्रपणे पुढील सूचना मांडतो.

पहिली. ऑफ सीझनच्या ओव्हरहॉलिंग यादीत प्रत्येक यंत्राच्या सर्व स्विचांचे आणि कंट्रोलचे वेगळे पान असावे. ऑपरेटरला समोर बसवून ते पान भरावे. खोड कुठे आहे, ते त्याच्या हाताला ठाऊक असते.

दुसरी. सुरक्षेच्या स्विचांचा एकेक जादा नग हंगामापूर्वी स्टोअरमध्ये आणून ठेवावा आणि तो वापरला गेला की कोटेशनविना लगेच दुसरा घेण्याचा अधिकार चीफ इंजिनिअरना द्यावा.

तिसरी. बदली माल जोडीचाच असावा. व्होल्ट, अँपिअर, टोकांची संख्या जुळली पाहिजे आणि डीसीसाठीचे रेटिंग वर लिहिलेले असावे. घरगुती दिव्याचे बटण यंत्रावर बसवू नये. धुळीच्या जागी आयपी ६७ लिहिलेला स्विच घ्यावा. त्यातल्या ६ चा अर्थ धूळ आत जात नाही आणि ७ चा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी पाणी शिरत नाही.

चौथी. बदलताना आधी बॅटरीची वायर काढावी, जुन्या जोडणीचा मोबाइलवर फोटो घ्यावा आणि वायरींना खुणा कराव्यात. दांड्यांची दिशा बदलू नये. खोदाई यंत्रात दोन पद्धती रूढ आहेत. एकीत बूम उजव्या हाताला असते, दुसरीत डाव्या. एका पद्धतीचा सराव असलेला माणूस घाईच्या क्षणी जुन्या सवयीनेच दांडा ओढतो. काम झाल्यावर मोकळ्या जागेत, आसपास कोणी नसताना यंत्र चालवून बघावे.

पाचवी, आणि सर्वांत महत्त्वाची. कोणताही सुरक्षा स्विच डायरेक्ट करून यंत्र चालवू नये. स्विच नसेल तर यंत्रावर लाल पाटी लावून ते उभे करावे, रजिस्टरला नोंद करावी. अशी पाटी लावणाऱ्या फिटरला कोणी साहेबाने दरडावू नये. उलट त्याची पाठ थोपटावी.

आता सभासदांसाठी दोन शब्द. जलयुक्त शिवार आणि गाळयुक्त शिवार या योजनांपासून आपल्या रानात खोदाई यंत्रे नेहमीचीच झाली आहेत. शेततळे, बांध, सपाटीकरण, सगळीकडे तासाच्या भाड्याने यंत्र येते. आपण दर विचारतो, डिझेल कोणाचे ते विचारतो. यापुढे एवढेही बघा : रिव्हर्सला भोंगा वाजतो का? गिअरमध्ये असताना यंत्र सुरू होते का? हात सोडल्यावर बूम थांबते का? चावीऐवजी स्क्रू ड्रायव्हर तर घातलेला नाही ना? यातले काही चुकीचे दिसले तर मालकाला सांगा, ‘बाबा, आधी हे नीट करून आण.’ आणि पोराबाळांना यंत्राच्या मागे उभे राहू देऊ नका.

तो हेल्पर पोरगा आज पन्नाशीच्या घरात असेल. त्याच्या पायाची भरपाई मला करता येणार नाही. पण या हंगामापूर्वी आपल्या यार्डातली प्रत्येक पिळलेली वायर सुटली आणि तिथे नवा स्विच बसला, तर या लेखाचे काम झाले असे मी समजेन. येत्या सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडणार आहे. आपण साथ द्यावी, ही विनंती.

जय सहकार!

आपला,
एक सभासद (निवृत्त वर्कशॉप फिटर)