मूळचे कुठले?

यंदाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात ऑर्केस्ट्राऐवजी तासभर लघुपट दाखवावेत, अशी सूचना आम्ही काही पालकांनी कार्यकारिणीकडे केली आहे. त्यावर बरीच कुजबुज झाली. "सणासुदीला हे रडगाणं कशाला?" इथपासून "मुलांच्या डोक्यात नाही ते कशाला भरवता?" इथपर्यंत. म्हणून हा लेखनप्रपंच.

मुलांच्या डोक्यात ते आधीपासूनच आहे. शाळेत डबा उघडल्यावर शेजारच्याने नाक मुरडलं, नाव उच्चारता येत नाही म्हणून बाईंनीच ते तोडून अर्धं केलं, असलं काही घरी सांगायचं नाही, असा मुलांचा आपसात जणू ठरावच झालेला असतो. आमच्या मुलांचं आम्हांला जे कळलं ते दुसऱ्यांच्या मुलांकडून, तेही कारपूलमध्ये. पडद्यावर तिसऱ्याच कोणाची गोष्ट चालू असली की तोंड उघडायला सोपं जातं, एवढाच आमचा हिशेब.

लहानांसाठी 'संजयज् सुपर टीम' आहे. पिक्सारने २०१५ साली काढलेला, सात मिनिटांचा. टीव्हीवरच्या सुपरहीरोंत रमलेला मुलगा आणि त्याच खोलीत घंटा वाजवून पूजा करणारे वडील. एकाचा आवाज दुसऱ्याला नको. दिग्दर्शक संजय पटेल यांनी ही गोष्ट स्वतःच्या लहानपणावरून घेतली आहे. त्यांच्या आईवडिलांचं कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला मोटेल होतं. ह्या चित्रपटाला कोणाची हरकत नाही. (आमचा देव्हारा बेसमेंटमध्ये आहे, त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही, असं एका काकांचं म्हणणं पडलं.)

हरकत आहे ती पुढच्या तिन्हींना.

'श्वार्त्सफारर' हा १९९३ सालचा जर्मन लघुपट, दिग्दर्शक पेपे डानक्वार्ट. त्याला १९९४ साली ऑस्कर मिळालं. बर्लिनच्या ट्राममध्ये एका म्हाताऱ्या बाईंच्या शेजारी एक कृष्णवर्णीय तरुण येऊन बसतो आणि बाईंचं तोंड सुरू होतं. हे परदेशी लोक, ह्यांचा वास, ह्यांच्या सवयी. ट्राम भरलेली आहे. कोणी खिडकीबाहेर बघतं, कोणी नुसतंच समोर. बोलत मात्र कोणीच नाही. मग तिकीट तपासनीस चढतो आणि तो तरुण बाईंच्या हातातलं तिकीट काढून चक्क खाऊन टाकतो. ह्याने खाल्लं, असं बाई सांगतात. ते अगदी खरं असतं, पण त्यांच्या बाजूनेही कोणी उठत नाही. मुलं ह्याला खदखदून हसतील, हसू देत. आम्हांला बोलायचं आहे ते त्या बाकीच्या उतारूंबद्दल. कारण बसमध्ये, रांगेत, ऑफिसच्या कॉफीरूममध्ये आपण बहुतेक वेळा तेच असतो.

'द लाँग गुडबाय' (२०२०) मात्र चौदा वर्षांखालच्यांना दाखवू नये. अनिल कारिया दिग्दर्शक, रिझ अहमद मुख्य भूमिकेत. २०२२ साली ऑस्कर. इंग्लंडमधलं एक दक्षिण आशियाई घर, लग्नाची गडबड, भावंडांची भांडणं. आपल्याच घरी आल्यासारखं वाटत असताना दारात बंदूकधारी गोरे उतरतात. पोलीस असतात, पण बघत उभे राहतात. हे भडक आहे, असं काहींचं मत. असेल. पण त्यामागचा प्रश्न रोजचाच आहे: तू कुठला? आणि उत्तर दिलं की, नाही, खरा कुठला?

आता चौथा. नागराज मंजुळे यांचा पहिला लघुपट 'पिस्तुल्या', 'फँड्री'च्या आधीचा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. परिस्थितीने चोरीकडे ढकललेला, शाळेची ओढ असलेला मुलगा. सर्वांत जास्त विरोध ह्याला. आपलं उणं इथे जन्मलेल्या मुलांना कशाला दाखवायचं? तर ते ह्याचसाठी, की आपल्याही हॉलमध्ये नवीन कुटुंब आलं की चहाच्या कपाबरोबर पहिला प्रश्न येतो, "आडनाव काय?" त्यावरून अंदाज लागला नाही तर दुसरा, "मूळचे कुठले?" विचारणाऱ्याच्या मनात नेहमी काळंबेरं असतं असं नाही, कधीकधी नुसती गावाची आठवण असते. पण ज्याला विचारलं जातं त्याला दोन्हींतला फरक बरोबर कळतो, आणि बाजूला उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीलाही.

शिवाय ही मुलं पेपर वाचतात. २०२३ च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटलने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, असं करणारं अमेरिकेतलं ते पहिलं शहर. कॅलिफोर्नियाचं विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने नाकारलं. कायदा असावा की नसावा, ह्यावर आम्हा सूचना करणाऱ्यांतही दोन तट आहेत. मुलांनी ते कॉलेजात परक्यांकडून ऐकण्याआधी आपल्यादेखत ऐकावं, ह्यावर मात्र एकमत आहे.

चारही मिळून तासाच्या आत होतात. नंतर अर्धा तास मुलं बोलतील. मोठ्यांनी त्यांना विचारलं तरच बोलायचं, अशी अट मुलांनीच घातली आहे आणि आम्ही ती मान्य केली आहे. ऑर्केस्ट्रावाल्यांना अजून आगाऊ रक्कम दिलेली नाही, तेव्हा निर्णय येत्या सभेत घेता येईल. प्रोजेक्टरची सोय झाली आहे. हॉलच्या खिडक्यांना पडदे नाहीत, तरी ज्यांना जमेल त्यांनी घरून गडद रंगाच्या चादरी आणाव्यात.