रशियन गाय आणि आपला हंबरडा

सध्या वीकेंडला रशियन शिकतोय. का, ते विचारू नका, कामाशी काडीचा संबंध नाही. पेडर रोडच्या रशियन सेंटरमध्ये रीतसर वर्ग असतात. मी आपला लालबागला घरीच, मोबाईलवर. या आठवड्यात प्राण्यांचे आवाज होते. कुत्रा ‘गाफ-गाफ’, बेडूक ‘क्वा-क्वा’, कोंबडा ‘कुकारेकू’. चारचौघांत सांगायला मजा येते, पण माझ्या मते खरा माल आवाजात नाही, क्रियापदात आहे.

कावळ्याचं बघा. त्यांचा ‘कार-कार’, आपला ‘काव-काव’. फरक तो काय! पण त्यावरून आलेलं ‘कार्कत्’ माणसाला लावलं की अर्थ होतो अभद्र बोलणं. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज चालू असताना कुणी ‘सर्व्हर झोपणार बहुतेक’ म्हणालं, तर रशियन माणूस खेकसतो, ‘नि कार्काय!’ आपल्याकडे कावळा ओरडला की पाहुणे येणार. आणि दहाव्याला तर बाणगंगेवर त्याचीच वाट बघत ताटकळायचं.

गाईचं मात्र लागलं मला. रशियन गाय ‘मू’ करते, क्रियापद ‘मिचात्’. उत्तर न येणारं पोरगं फळ्यासमोर तोंडातल्या तोंडात जे करतं, तेही ‘मिचात्’च. आपली गाय हंबरते, वासरासाठी. त्याच हंबरण्याचा ‘हंबरडा’, आणि मराठीत तो आई फोडते.

आमच्या चाळीतल्या (टॉवर झाला, तरी आम्ही चाळच म्हणतो) इंग्रजी मीडियमच्या पोरांना ‘काऊ मूज’ येतं. ‘हंबरते’ म्हणजे मराठीच्या पेपरातला एक मार्क, जोड्या लावा. उद्या बातमीत ‘आईने हंबरडा फोडला’ वाचतील तेव्हा त्यांना ‘मोठ्याने रडली’ एवढंच कळणार.

गोठाच नाही तर शब्द जाणारच, असं लोक म्हणतात. मला पटत नाही. मी कुठे गोठ्यात वाढलो? व्हिक्टोरियाही २०१५ च्या हायकोर्टाच्या निकालानंतर रस्त्यावरून गेल्या, पण ‘खिंकाळतोस काय!’ अजून ऐकू येतं. आम्हाला हे शब्द मोठ्यांच्या बोलण्यातून मिळाले, त्यातही बोलणी खाताना जास्त. भुंकू नकोस, काय रेकतोयस, ही कोल्हेकुई बंद करा. आता घरात पोरांना ओरडायचं तेही इंग्रजीत! मग शब्द कुठून येणार?

दादरच्या कबुतरखान्यावर २०२५ मध्ये पालिकेने ताडपत्री टाकली. त्यावर दोन्ही बाजूंनी इतकं बोलून झालंय की मी गप्प बसतो. फक्त शब्दापुरतं सांगतो. रशियन कबुतरांचं क्रियापद ‘वर्कवात्’, प्रेमात पडलेल्या जोडप्याच्या गुलुगुलु बोलण्यालाही तेच. आपलं कबुतर घुमतं. आणि अंगात आलेली बाईही घुमते. ती डोलणारी मान, तो आतून येणारा आवाज... ज्याने पहिल्यांदा दोन्हीला एकच शब्द वापरला, त्याने दोन्ही जवळून बघितलं असणार.

भाचीला हे सांगितलं तर ती ग्रिलमधल्या कबुतराकडे बराच वेळ बघत बसली. मग हळूच, “मामा, ह्याच्या अंगात कोण आलंय?”