पेटी कोणती घ्यावी?

आमच्या अर्नाळ्यात जूनची पहिली तारीख उजाडली की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि पाठोपाठ विजेचा लपंडाव सुरू होतो. गेल्या पावसाळ्यात असाच एक झटका बसला आणि घरातल्या एकुलत्या एक हार्ड डिस्कने मान टाकली. तिच्यात आजीच्या आवाजातले धवले होते. लग्नात धवलारीण गाते ती ही गाणी. आजी आता नाही. समोर बेटावरच्या किल्ल्याचा बाजीरावांच्या काळातला शिलालेख आजही वाचता येतो. आमचे चार वर्षांपूर्वीचे ध्वनिमुद्रण मात्र ऐकता येत नाही!

तेव्हापासून घरात एकच वाद चालू आहे : सगळ्यांच्या फोनमधले फोटो नि गाणी एकत्र राहतील अशी, वायफायवरून चालणारी साठवणपेटी घ्यायची, ती कोणती? इंजिनियरिंगला असलेला माझा दादा चार डिस्कांच्या पेटीवर अडून बसला आहे. बाबांच्या मते फुकटचे गूगल काय वाईट? पण बाबा, 1 जून 2021 पासून ते अमर्याद फुकट राहिले नाही. 15 जीबी संपले की दरमहा पैसे मोजा, आणि मोजणे थांबवले की चिंता करा.

माझे मत कलाशाखेच्या विद्यार्थ्याचे, म्हणून हसू नका. पेटी साधी दोन डिस्कांची घ्यावी आणि वाचलेल्या पैशात तिसरी, सुटी डिस्क घ्यावी. पेटीतल्या दोन डिस्का एकमेकींचा आरसा असतात. एक बिघडली तर दुसरी तारते, हे खरे. पण चुकून एखादी फाईल पुसली तर आरशातलीही त्याच क्षणी पुसली जाते! हा आरसा म्हणजे जादा प्रत नव्हे, हे दुकानदार सहसा सांगत नाही. सुटी डिस्क महिन्यातून एकदा जोडावी, प्रत उतरवावी आणि दुसऱ्या घरी ठेवावी. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली होते, तेव्हा तळमजल्यावरच्या सामानाचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

जुना कॉम्प्युटरच पेटी म्हणून वापरा, असाही सल्ला मिळतो. तो फुकट वाटतो, पण 60 वॉटने रात्रंदिवस चालला तर महिन्याला 43 युनिट होतात. दोन डिस्कांची पेटी 20 वॉट धरली तरी 14 युनिटांवर भागते. राउटरला यूएसबीचे भोक असेल तर त्यात डिस्क खुपसूनही काम चालते; संथ, पण सर्वांत स्वस्त. पैसे नसतील तर मी तेच करीन.

आणखी दोन गोष्टी. पेटीला लहानसा यूपीएस हवाच, आणि ती खाऱ्या वाऱ्याच्या खिडकीपासून लांब हवी. आमच्याकडे सायकलीची साखळीसुद्धा वर्षभरात गंजते. शिवाय बाहेरगावाहून फोटो पाहण्याच्या हौसेने ती इंटरनेटला उघडी ठेवू नये. 2022 साली डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने अशाच हजारो पेट्यांतल्या फायलींना कुलूप ठोकले होते.

दादाला हे पटलेले नाही. असो. परवा सातपाटीच्या आत्याच्या फोनमध्ये आजीचा एक धवला सापडला, जेमतेम दोन मिनिटांचा. तो त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवून घेतला. पेटीचे दिवाळीत बघू.