शब्द ईश्वराचा, शिक्कामोर्तब माणसाचे

बायबल हा साक्षात ईश्वराचा शब्द आहे आणि म्हणून मुक्तीचा मार्ग तेवढा एकच आहे, असे प्रतिपादन ख्रिस्ती धर्मप्रचारक शतकानुशतके करीत आले आहेत. हा दावा व्यक्तिगत श्रद्धेपुरता असता, तर इतरांनी त्याविषयी बोलण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु त्याच्याच आधारे दुसऱ्याची उपासना मिथ्या ठरविली जाते आणि त्याला पूर्वजांचा धर्म सोडण्याचे आवाहन केले जाते, तेव्हा त्या ग्रंथाची जडणघडण तपासण्याचा अधिकार त्यालाही प्राप्त होतो.

या तपासणीसाठी रोमला जाण्याची आवश्यकता नाही. गोव्याचे पोर्तुगीज आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी जून १५९९ मध्ये कोचीनजवळ उदयंपेरूर येथे धर्मसभा भरविली. मलबारातील सीरियन ख्रिस्ती समाज पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी कित्येक शतके हिंदू राजांच्या राज्यांत निर्वेधपणे नांदत होता. त्यांचे बायबल सीरियाक भाषेतील होते. नव्या करारातील २७ पुस्तकांपैकी पेत्राचे दुसरे पत्र, योहानाचे दुसरे व तिसरे पत्र, यहूदाचे पत्र आणि प्रकटीकरण ही पाच पुस्तके त्यात नव्हती. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याची स्वर्गातील साक्ष सांगणारे, योहानाच्या पहिल्या पत्रातील वचनही नव्हते. धर्मसभेने हा दोष ठरवून गाळलेला मजकूर घालण्याचा आदेश दिला. त्यांचे अन्य अनेक सीरियाक ग्रंथ सुधारण्याचे वा जाळून टाकण्याचेही फर्मान निघाले. या जाचाविरुद्धचा असंतोष साचत गेला आणि १६५३ मध्ये मट्टनचेरी येथे क्रूसासमोर शपथ घेऊन या समाजाने उघड बंड केले.

आता त्या त्रैक्याच्या वचनाचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत ते आढळत नाही. इरॅस्मस या विद्वानाने १५१६ व १५१९ च्या आपल्या ग्रीक आवृत्त्यांत ते घेतले नव्हते. टीकेचा भडिमार झाल्यावर १५२२ च्या आवृत्तीत घातले. १८९७ मध्येही रोमच्या धर्मपीठाने त्याच्या अस्सलपणाविषयी शंका घेण्यास मनाई केली. १९२७ मध्ये ती मनाई सैल झाली आणि १९७९ मध्ये रोमनेच प्रसिद्ध केलेल्या अधिकृत लॅटिन बायबलमधून ते वचन वगळले गेले. म्हणजे या एका वचनापुरते तरी मलबारच्या ख्रिस्ती बांधवांची पोथी खरी होती आणि तिला सदोष ठरविणारी सत्ता चुकली होती!

हे उदाहरण एकाकी नाही. मार्काच्या शुभवर्तमानातील अखेरच्या बारा ओवी चौथ्या शतकातील दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत. आज मान्य असलेल्या २७ पुस्तकांची नेमकी यादी प्रथम आढळते ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांच्या इ.स. ३६७ मधील पत्रात, म्हणजे येशूनंतर तीन शतकांहून अधिक काळाने. रोमन कॅथलिक चर्चने आपली यादी अंतिमतः १५४६ मध्ये ट्रेंट येथे बंधनकारक केली. आजही प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये ६६, कॅथलिकांच्या ७३, तर इथिओपियाच्या चर्चच्या यादीत ८१ पुस्तके मानली जातात.

चर्चचे यावर उत्तर असे की, धर्मसभांनी ग्रंथाला अधिकार दिला नाही, मुळात असलेला अधिकार केवळ ओळखला. क्षणभर हे मान्य करू. परंतु ओळखणारी माणसेच होती आणि ओळखण्यात माणसे चुकतात, हे रोमच्या स्वतःच्या दुरुस्तीनेच सिद्ध केले आहे. मग अचूकतेचा दावा टिकतो कोठे?

‘तुमच्या ग्रंथांत प्रक्षेप नाहीत काय?’ असे कोणी विचारील. आहेत; आणि ते आपण लपविलेले नाहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात शेकडो पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. पुष्कळ श्लोक मूळ संहितेतून बाजूला काढले गेले, पण त्यामुळे कोणाचा धर्म बुडाला नाही. कारण अमुक एका पोथीवाचून मुक्ती नाही, असे आपल्या परंपरेने कधी म्हटलेच नाही.

बायबलची ही चिकित्सा बहुतांशी ख्रिस्ती विद्वानांनीच केली, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. त्यांची सत्यनिष्ठा आदरणीय आहे. येशूच्या उपदेशातून कोणाला शांती लाभत असेल, तर त्याचीही अवहेलना करण्याचे कारण नाही. कार्यकर्त्यांनी अपशब्दाच्या वाटेला जाऊच नये, अभ्यास करावा. आपला ग्रंथ तेवढा सत्य, असे कोणी दारात येऊन सांगू लागल्यास त्याला शांतपणे एवढेच विचारावे: कोणती यादी, कोणता पाठ आणि कोणाच्या निर्णयाने?